हातांच्या जागी धूर

कर्सियांग
१४ नोव्हेंबर

सुनमाया दिदी,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. फाडून टाकायचंच असेल तर आधी आत कागदात गुंडाळलेलं नखाएवढं कार्ड काढून घे. त्यात आमा आहे.

तुझा पत्ता माइली काकीच्या सुनेकडून मिळाला. ती तिहारच्या दिव्यांच्या सणाला घरी आली होती. रविवारी निकोसियाच्या बागेत आपल्याकडून तिकडे परदेशी कामाला गेलेल्या सगळ्या पोरी जमतात, तिथे तू भेटतेस, केस कापलेस, ज्या म्हातारीला सांभाळतेस ती तुला स्वतःच्या मुलीच्या नावाने हाक मारते, असं बरंच काही सांगितलं तिने. आणखीही एक सांगितलं. ते मी आमाच्या कानावर घातलं, म्हणजे हातावर घातलं, आणि दुसऱ्या दिवशी ती एकटी काठी टेकत बाजार चढून माझ्या स्टुडिओत आली. पासपोर्टचे फोटो काढायला माणसं बसली होती. त्यांच्यासमोर काही बोलली नाही. सगळे गेल्यावर म्हणाली, "मला सुनमायाशी बोलायचंय. तुझ्या यंत्रात घाल."

नंबर होता, पण फोनचा तिला काय उपयोग, आणि व्हिडिओ कॉल इथल्या नेटवर मिनिटाला गोठतो. लिहिता तिला येत नाही. आणि तिचे हात वाचणारी माणसं जगात दोनच, तू आणि मी. दीपेनशी माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्याला अजून 'भात' आणि 'गप्प बस' यापुढे काही कळत नाही. त्याचा दोष नाही. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या आईने आपल्या दोन मुलींना घेऊन चुलीपाशी बसून केलेली बोली ती. तिला शाळा कुठली?

तर मी तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि मोबाइलवर घेतलं. मोबाइलवरून पाठवलं असतं तर वाटेत दाबलं जाऊन बोटांचं पीठ झालं असतं, म्हणून कार्ड.

तिची तब्येत बरी आहे. डोळ्यांत थेंब घालते हल्ली, वयाचं असतं. धुकं नेहमीपेक्षा लवकर आलंय, दुपारीच घरात शिरतं.

बघ आणि कळव. रागावलीस तरी कळव.

तुझी
अनुपा


९ डिसेंबर

दिदी,

निरोप मिळाला. "हातांच्या जागी धूर आहे. काही कळलं नाही. तूच लिहून पाठव." काकीने तो सुनेच्या फोनवरून आलेला मला वाचून दाखवला आणि "एवढंच?" म्हणून मोबाइलचा पडदा खाली सरकवून पाहिला.

आमाला सांगितलं. लिहून पाठवायला ती तयार नाही. म्हणाली, "माझं सगळं बोलणं दुसऱ्याच्या तोंडातून गेलं. हे एक माझ्या हाताने जाऊ दे." तू गेल्यापासून ते दुसऱ्याचं तोंड म्हणजे मीच. रेशनच्या दुकानात मी, डॉक्टरकडे मी, बाबांच्या पेन्शनला मी. कोलकात्याला कॅमेरा शिकायला जायचं होतं, तेव्हाही मागे राहिले ती मीच. पण ते इथे लिहायचं नव्हतं. राहू दे.

धूर का झाला ते सांगते. चूक तुझ्या डोळ्यांची नाही, आमाच्या हातांचीही नाही.

कॅमेरा काही हालचाल टिपत नाही दिदी, तो नुसती चित्रं काढतो, सेकंदाला पंचवीस. प्रत्येक चित्रासाठी त्याची पापणी उघडते आणि मिटते. अंधार असला की पापणी जास्त वेळ उघडी ठेवावी लागते, तेव्हा कुठे पुरेसा उजेड आत येतो. पण तेवढ्या वेळात आमाचं बोट इथून तिथे गेलेलं असतं, आणि इथपासून तिथपर्यंतचं सगळं त्या एकाच चित्रात उमटतं. मी मोबाइलला त्याच्या मनाने वागू दिलं. त्याने अंधार बघून पापणी ताणली, वर चित्रंही कमी काढली. झाला धूर.

तुझा निरोप आल्यावर मी ते स्टुडिओतल्या मोठ्या पडद्यावर एकेक चित्र थांबवून पाहिलं. एका चित्रात तिला सात बोटं आहेत. एकात हात मनगटापासून सुरू होतो आणि विरत विरत खांद्यापाशी नाहीसा होतो. मागचा शब्द अजून हवेत असतो, तोवर पुढचा त्याच्यातून उगवतो. बाहेर धुकं, आत ते हात. मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. दीपेनने येऊन खांदा हलवला तेव्हा भानावर आले. सुंदर आहे ते, आणि काही उपयोगाचं नाही. लग्नांत मी मुद्दाम असं करते. नवरी वळली की ओढणीचा धूर होतो, लोक खूश होतात. पण नवरीला तेव्हा काही सांगायचं नसतं.

उपाय सोपा आहे असं मलाही वाटलं होतं. अंगणात बसव, उजेड फुकट. आमा तयार नाही. काकीला शेजारी राहून राहून आमाचं अर्धंमुर्धं बोलणं कळतं. आमाच्या दृष्टीने अंगणात हात हलवणं म्हणजे बाजारात उभं राहून ओरडणं. आपल्या लहानपणीही घरातल्या गोष्टी ती चुलीपाशीच बोलायची, आठवतं?

मग मी लग्नांत वापरते तो मोठा दिवा आणला. लावल्याबरोबर तिने दोन्ही हातांनी डोळे झाकले. आणि हात डोळ्यांवर गेले की ती मुकी झाली. म्हणाली, उजेड टोचतो, आणि त्यामागे तू दिसत नाहीस, मी काय भिंतीशी बोलू?

स्वयंपाकघरातला बल्ब तेवढा राहिला. पापणी झटकन मिटवली तर तिच्या तोंडावर काळे आडवे पट्टे सरकायला लागले. आपली वीज एका ठेक्यात लुकलुकते, डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं.

थोडा वेळ दे. मला हे जमवायचंय.

अनुपा


२ जानेवारी

दिदी,

जमलं. कार्ड सोबत आहे. मोठ्या पडद्यावर बघ, आणि अर्ध्या वेगाने बघ.

मी चित्रं दुप्पट केली, सेकंदाला पन्नास. आमाची बोटं किती चपळ आहेत ते तू विसरली असशील. पंचवीस चित्रांत तिच्या एका शब्दाचं पहिलं आणि शेवटचं टोक तेवढं सापडतं, मधली वाट हरवते. पापणी सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकीच उघडी. विजेच्या ठेक्याशी तो आकडा जुळतो, पट्टे जातात, बोटं सुटी दिसतात. पण उजेड पहिल्यापेक्षा पाव हिस्सासुद्धा उरत नाही.

तो आणायचा कुठून? स्टुडिओतली पांढरी चादर तिच्या समोरच्या भिंतीवर ताणली. दोन बल्ब चादरीकडे तोंड करून लावले, आमाकडे पाठ करून. चादरीवरून परतून आलेला उजेड मऊ असतो. तिने डोळे बारीक केले, मग हळूहळू उघडले. म्हणाली, "चांदणं पडलंय घरात." तिला काळपट लाल शाल पांघरायला दिली, म्हणजे मागे काळोख आणि पुढे हात. मी कॅमेऱ्याच्या काचेशेजारी गाल टेकवून बसले, म्हणजे तिने माझ्या तोंडाकडे बघावं आणि तुला वाटावं तुझ्याकडेच बघते. तरी अंधारच होता. मग कॅमेऱ्याला थोड्या उजेडात जास्त बघायला लावलं. त्याने चित्रावर दाणे येतात, रव्यासारखे. दाणे चालतील, धूर नको, असं मी ठरवलं.

आधी काहीतरी बोल म्हटलं, मला बघू दे. तर तिने काकी दुधात पाणी कशी घालते आणि वर गाईला कसा दोष देते ते साग्रसंगीत सांगितलं. काकी दाराशी येऊन उभी होती. तिला 'दूध' कळलं. "माझंच काहीतरी चाललंय ना?" म्हणाली. मी म्हटलं, तुमच्या दुधाचं कौतुक चाललंय. काकी गेली आणि आमाने दार लावायला सांगितलं.

मग ती बोलली.

मधेच वीज उतरली, थंडीत उतरतेच. बल्ब पिवळे झाले, चादर राखाडी झाली, आमा पडद्यात बुडायला लागली. थांबवलं असतं तर तिने पुन्हा सुरुवात केली नसती, मला माहीत आहे. पापणी ताणली असती तर चित्र उजळलं असतं आणि तिचं बोलणं गेलं असतं. मी पापणीला हात लावला नाही. दाणे वाढू दिले. म्हणून शेवटी शेवटी आमा वाळूची केलेली दिसेल तुला. घाबरू नकोस. वाळूची असली तरी तिचा प्रत्येक शब्द वाचता येतो. मी तपासलाय.

ती काय बोलली ते लिहिणार नाही असा तिला शब्द दिलाय. एवढंच सांगते की शेवटाकडे उजव्या हातावर नजर ठेव. तो पुढे जातो, तिथे थांबत नाही.

अनुपा


६ फेब्रुवारी

दिदी,

तुझं लिहिलेलंही मिळालं आणि तू पाठवलेला व्हिडिओही. तू वाचलंस, तेव्हा आता मी मोकळेपणी लिहू शकते.

त्या संध्याकाळचं आपण दोघी कधीच बोललो नाही. तू बॅग घेऊन पायऱ्या उतरलीस, खाली रस्त्यावर जीपवाला हॉर्न वाजवत होता. वीज गेलेली, आमा दारात उभी, तिच्या मागे कंदील. तू तिला सांगितलंस, मी आता कुणाचा कान होणार नाही. तिने हात छातीपासून पुढे फेकला. जा. तू वळलीस.

आता ती म्हणते, "जा म्हटलं ते रागानेच म्हटलं. तेवढं खरं आहे. मग हात वळवून परत आणला. जाऊन ये म्हटलं. मला वाटलं, तू बघितलंस. मी वाट बघत राहिले. मग वाटलं, बघूनही येत नाही."

आणि काकीच्या सुनेला तू बागेत सांगितलं होतंस की आमाने तुला घरातून जा म्हटलं. तेच तिहारला आमच्यापर्यंत आलं. एवढ्या वर्षांत आमाला पहिल्यांदा कळलं की तिचा अर्धाच शब्द तुझ्यापर्यंत पोचला होता. म्हणून ती काठी टेकत बाजार चढून आली.

तू विचारतेस, तिने हात तेव्हा खरंच वळवला होता, की आता तिला तसं वाटतं? दिदी, मी तिच्या शेजारी उभी होते. कंदील मागे होता, तिचे हात काळे होते, मला नाही दिसलं. मी हो लिहू शकले असते. दीपेन म्हणाला लिही, काय जातं तुझं. पण आमाने एवढ्या हट्टाने स्वतःचं स्वतः सांगितलं, त्यात मी माझं घालणार नाही.

आता तुझ्या व्हिडिओचं. तू खिडकीला पाठ करून बसलीस. मागे सगळं निकोसिया लखलखतंय, पुढे तू काळी. आमाने पडदा नाकाला लावला आणि विचारलं, "ही कोण? हिला हात आहेत का?" मी उजळवून बघितलं, काही बोटं वर आली, पण तू हात इतके लांब लांब पसरतेस की ते तिला सापडत नाहीत.

इथे मला तुला ते सांगावं लागेल जे मी थेंबांवर निभावून नेलं होतं. आमाला काचबिंदू आहे. सिलिगुडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी जितकी टिकेल तितकी. तिला नळीतून बघितल्यासारखं दिसतं. समोरचं ताट दिसतं, ताटाबाहेरची वाटी दिसत नाही. पूर्ण गेली तर ती बोलू शकेल, पण तिला कुणी काही सांगू शकणार नाही. तुला घाबरवायचं नव्हतं म्हणून लिहिलं नाही, आणि दया आली म्हणून तू उत्तर द्यावंस असंही मला नको होतं.

तेव्हा असं कर. दुपारी खिडकीकडे तोंड करून बस. भडक कपडे नकोत, मागे रिकामी भिंत. चित्रं तीस असली तरी चालतील, तू सावकाश बोलणार आहेस. पापणी मात्र शंभराव्या भागापेक्षा जास्त उघडी ठेवू नकोस. मोबाइलला त्याच्या मनाने काही ठरवू देऊ नकोस. आणि हात हनुवटीपाशी ठेव. तुझं तोंड आणि तुझे हात एका ताटात मावले पाहिजेत.

जे बोलायचं ते बोल. गोड बोलायला हवं असं काही नाही.

अनुपा


२० मार्च

दिदी,

बोललीस, आणि चांगलंच बोललीस.

मी पडदा आमाच्या मांडीवर ठेवला आणि बाहेर जायला उठले. तिने पदर धरून बसवलं. तू तिला सांगत होतीस, "जाऊन ये म्हटलेलं दिसलं असतं तरी मी आले नसते. आमा, तू मला मुलगी म्हणून बोलावतच नव्हतीस. डॉक्टर काय म्हणाला, दुकानदार काय म्हणाला, बाबांचा श्वास थांबला की नाही, हे सगळं पहिल्यांदा मी ऐकायचं आणि मग तुला सांगायचं. मी लहान होते. मला स्वतःसाठी काही ऐकूच आलं नाही."

बाबांचं आलं तेव्हा आमाने डोळे मिटले. मी पडदा थांबवला. तिने डोळे उघडून पुन्हा मागून दाखव म्हणून खूण केली.

तू बरेच शब्द विसरलीस ग. 'राग' म्हणायचं तिथे तू 'मिरची' म्हणालीस. एवढ्या भांडणात आमाने पडद्यापुढे हात धरून तुला 'राग' कसा करायचा ते दाखवलं, दोनदा, जणू तुला तिथून दिसतंय. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ही भांडते छान." तिच्या तोंडावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. तू गेल्यापासून तिच्याशी कुणी भांडलंच नाही. मी नुसती हो म्हणत आले.

 दुसऱ्या दिवशी धुकं फाटून ऊन पडलं, आणि तिने मला कॅमेरा घेऊन अंगणात बोलावलं. काकी तिच्या कुंपणापाशी गुन्द्रुकच्या भाजीसाठी आंबवलेली पानं वाळत घालत होती. मी आमाला म्हटलं, काकी बघतेय. "बघू दे," म्हणाली. पलीकडच्या घरातल्या दोघी-तिघीही बाहेर आल्या होत्या. त्यांच्याकडे तिने पाठ केली नाही. डोक्यावरची टोपी पुढे ओढून डोळ्यांवर सावली केली आणि हात वर घेतले.

"सुनमाया खरं बोलते. मी तिला कान केलं. ती गेली, मग अनुपाला केलं. दोघींना मी विचारलं नाही."

सावकाश, एकेक बोट सुटं करून बोलली, जसं कमी समजणाऱ्या माणसाशी बोलतात. काकीचे हात पानांवरच राहिले. तिला किती कळलं माहीत नाही. संध्याकाळी ती दूध घेऊन आली, तेही दाट.

मी कॅमेऱ्याच्या मागे होते. नेहमी आकड्यांकडे बघते, तशी बघत राहिले. उजेड इतका होता की निवडायचं काही नव्हतंच, कसंही घेतलं असतं तरी नीट आलं असतं. माझं नाव तिने घेतलं तेव्हा वर बघायला हवं होतं. मी खालीच बघत होते. मग कॅमेरा चालूच ठेवून तिच्याजवळ जाऊन बसले. म्हणून शेवटी रिकामी चौकट आहे, कुंपण आणि पानं. ती मी कापली नाही.

ऑक्टोबरात दसैंच्या सणाला येतेस हे कळलं. म्हातारीची मुलगी त्या वेळी घरी असते म्हणून तुला सुटी मिळेल, बरं झालं. आमाने कपाळावरच्या टिक्यासाठी तांदूळ कुठले घ्यायचे इथपासून सुरुवात केली आहे. दसैंपर्यंत तिला तू दिसशील का, ते डॉक्टर सांगत नाहीत. मीही विचारायचं सोडलंय.

आम्ही एक वेगळंच काम काढलंय. दुपारी ती डोळे मिटून बसते आणि मी तिच्या तळहातावर बोलते. हवेत करायचे शब्द तसेच हातावर येत नाहीत, नव्याने करावे लागतात. 'पाऊस' लगेच जमला, बोटांची टोकं टपटप. 'भात' जमला. 'पुरे' म्हणजे मूठ मिटवून द्यायची. 'दुखतंय' वरून आमचं वाजलं, कारण मी दाबलं आणि तिला खरंच दुखलं. 'राग' अजून तिच्या मनासारखा होत नाही, ती म्हणते तो तूच येऊन करशील.

आपल्या बोलीतले निम्मे शब्द तू केलेले आहेत दिदी. मी जन्मले तेव्हा ते तयारच होते, मी नुसते घेतले. नवीन करायचे कसे ते मला येत नाही, अडखळते. काल आमाने विचारलं, सुनमाया कधी येणार. मी उत्तर द्यायला तिचा हात हातात घेतला आणि तशीच थांबले. आजवर तुझं नाव घ्यायचं तर आपण कानाची पाळी धरत आलो. ते नाव आता आमालाही नको आहे. काल तिने तिचा तळहात माझ्यापुढे उघडा ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

तुझं नाव काय ठेवायचं ते तू येऊन सांग. तोवर ती जागा आम्ही रिकामी ठेवली आहे.

तुझी
अनुपा